नवोदितांसाठी महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा : कोलकात्याचा वारसा आणि आयोजनाची रीत

कोलकाता : व्यासपीठावर कधीही उभे न राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी वादविवाद स्पर्धा भरवणे हे अनुभवी वक्त्यांची स्पर्धा भरवण्यापेक्षा अवघड काम आहे. अनुभवी वक्ता गैरव्यवस्था सहन करतो आणि निकाल पटला नाही तरी पुढच्या स्पर्धेला हजर राहतो. नवोदित विद्यार्थी मात्र पहिल्याच फेरीत खच्ची झाला, तर बहुधा पुन्हा सभागृहाकडे फिरकत नाही. त्यामुळे अशा स्पर्धेचे यश करंडक कोणी नेला यापेक्षा पहिल्या दिवशी हरलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले, यावर मोजणे अधिक योग्य ठरते.

कोलकाता हे या विषयाचा अभ्यास करण्यास सोयीचे शहर आहे. प्रेसिडेन्सी विद्यापीठ, जादवपूर विद्यापीठ, सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि सॉल्ट लेक येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठ या संस्थांत विद्यार्थ्यांनी चालवलेली वादविवाद मंडळे आहेत. कलकत्ता क्लब आणि 'द टेलिग्राफ' यांच्या राष्ट्रीय वादविवादाला शहरातील श्रोते तिकडच्या संगीतसभेला जावे तशा उत्साहाने जातात. बंगालीत वादविवादाला 'बितर्क' म्हणतात आणि शाळेपासून 'पक्षे' व 'बिपक्षे' हे शब्द विद्यार्थ्यांच्या कानावर असतात. परंतु याच शहरात ही परंपरा किती जणांपर्यंत पोहोचली, हा प्रश्नही जुना आहे.

वारसा आणि त्यावरील निर्बंध

कोलकात्यातील हिंदू कॉलेज २० जानेवारी १८१७ रोजी सुरू झाले. तेच पुढे १८५५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेज आणि २०१० मध्ये प्रेसिडेन्सी विद्यापीठ झाले. या महाविद्यालयात १८२६ मध्ये हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ हे इंग्रजी साहित्य व इतिहासाचे शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे १७ होते. विद्यार्थ्यांपैकी काही जण त्यांच्याहून दोन-चार वर्षांनीच लहान होते. वर्गातील चर्चा तासानंतरही संपेना, तेव्हा १८२८ मध्ये 'अकॅडेमिक असोसिएशन' ही चर्चासभा स्थापन झाली. तिच्या बैठका मानिकतला भागातील एका उद्यानगृहात भरत. कृष्णमोहन बंदोपाध्याय, रसिककृष्ण मल्लिक, रामगोपाल घोष, दक्षिणारंजन मुखोपाध्याय आदी तरुण त्यात बोलत. पुढे हिमालयातील सर्वोच्च शिखराच्या उंचीच्या गणितासाठी ज्यांचे नाव घेतले जाते, ते राधानाथ सिकदार हेही डेरोझिओंच्या याच शिष्यवर्तुळातले. घड्याळांच्या व्यापारातून शिक्षणकार्याकडे वळलेले डेव्हिड हेअर या सभांना उपस्थित राहत.

नियती आणि मानवी इच्छास्वातंत्र्य, सत्याचे पावित्र्य, मूर्तिपूजा, ईश्वराचे अस्तित्व हे या सभेचे विषय होते. शहरातील प्रतिष्ठितांना ते मानवणे शक्य नव्हते. महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाने १८३० मध्ये राजकीय व धार्मिक चर्चा होणाऱ्या सभांना विद्यार्थ्यांनी जाण्यास नापसंती दर्शविणारा आदेश काढला आणि एप्रिल १८३१ मध्ये डेरोझिओंना महाविद्यालय सोडावे लागले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला, वयाच्या २२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पद सोडताना त्यांनी व्यवस्थापनातील सदस्य व संस्कृतचे अभ्यासक होरेस हेमन विल्सन यांना लिहिलेले पत्र वादविवादाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी शंका घेणारे डेव्हिड ह्यूम यांचे युक्तिवाद आपण विद्यार्थ्यांना शिकवले, हे त्यांनी मान्य केले. मात्र त्या युक्तिवादांना थॉमस रीड आणि ड्यूगाल्ड स्टुअर्ट यांनी दिलेली उत्तरेही आपण तितक्याच तपशिलाने शिकवली, असे त्यांनी नोंदवले. एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजू समोर ठेवणे हा शिक्षकाचा दोष कसा ठरतो, असा त्या पत्राचा एकूण रोख आहे. आज नवोदित वक्त्याला नाणेफेकीने मिळालेली, कदाचित स्वतःला न पटणारी बाजू मांडायला लावली जाते, त्यामागील शैक्षणिक भूमिका हीच आहे.

दुसरा प्रसंग सभागृहाच्या परवानगीचा. १८३८ मध्ये स्थापन झालेल्या सामान्य ज्ञानार्जन सभेत फेब्रुवारी १८४३ मध्ये दक्षिणारंजन मुखोपाध्याय ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजदारी न्यायव्यवस्थेवर व पोलिसांवर टीका करणारा निबंध वाचत होते. सभा महाविद्यालयाच्या इमारतीत भरली होती. उपस्थित असलेले प्राचार्य कॅप्टन डी. एल. रिचर्डसन यांनी मध्येच उठून महाविद्यालयाचा राजद्रोहाचा अड्डा होऊ देणार नाही, असे सुनावले. अध्यक्षस्थानी असलेले ताराचंद चक्रवर्ती यांनी प्राचार्यांना थांबवले, ते या सभेत केवळ पाहुणे असल्याची जाणीव करून दिली आणि शब्द मागे घेण्याची मागणी केली. वक्त्याला संरक्षण देणे हे अध्यक्षाचे पहिले कर्तव्य असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण त्या काळात सापडणे कठीण आहे. आजही विषयांची यादी प्राचार्यांच्या मेजावरून परत येते तेव्हा त्यातील दोन-तीन विषयांवर काट मारलेली असते, हे आयोजक विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही.

मुंबईतही याच सुमारास असा प्रयत्न झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या परिसरात १८४८ मध्ये 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन झाली आणि तिच्याशी दादाभाई नौरोजी यांचे नाव जोडलेले आहे. या संस्थेने मराठी व गुजराती भाषांतून चर्चेसाठी स्वतंत्र ज्ञानप्रसारक शाखा काढल्या. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि ती आजही वक्तृत्वोत्तेजक सभेमार्फत चालते. महाराष्ट्रात यातून जी परंपरा रुजली ती प्रामुख्याने वक्तृत्वाची होती. आधी जाहीर झालेला विषय, घरी तयार केलेले भाषण, ठरावीक मिनिटे आणि शेवटची घंटा, हे त्याचे परिचित रूप. प्रतिस्पर्ध्याच्या मुद्द्याला तिथल्या तिथे उत्तर देण्याचा सराव त्यात कमी मिळतो.

नवोदित कोणाला म्हणावे

स्पर्धेची पहिली आणि सर्वाधिक वाद निर्माण करणारी अट हीच असते. पदवीच्या प्रथम वर्षाचे सर्व विद्यार्थी नवोदित, अशी सोपी व्याख्या केली जाते. कोलकात्यात ती फसते. येथील इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांत आठवी-नववीपासून आंतरशालेय वादविवाद चालतात आणि अशा शाळेतून आलेला प्रथम वर्षाचा विद्यार्थी चार-पाच वर्षांचा अनुभव घेऊन आलेला असतो. याउलट नदिया किंवा दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातून बंगाली माध्यमातून आलेली तृतीय वर्षाची विद्यार्थिनी आयुष्यात प्रथमच ध्वनिक्षेपकासमोर उभी राहत असते. व्याख्या वर्षावर न ठेवता अनुभवावर ठेवावी, हे यातून उघड होते. यापूर्वी किती स्पर्धांत भाग घेतला, त्यांपैकी एखाद्या स्पर्धेत बाद फेरी गाठली होती का, आणि शालेय स्पर्धांचा अनुभव मोजायचा की नाही, या तीन गोष्टी प्रवेशिकेतच विचारल्या म्हणजे नंतरचा मनस्ताप वाचतो.

काही आयोजक एका अनुभवी आणि एका नव्या वक्त्याचा मिश्र संघ मान्य करतात. कागदावर ही कल्पना चांगली दिसते. प्रत्यक्षात तयारीच्या वेळेत अनुभवी जोडीदार सर्व मुद्दे लिहून देतो आणि नवा वक्ता ते वाचून दाखवतो. अशा संघांना वेगळ्या गटात ठेवणे बरे.

ज्यांना थेट वादात उतरण्याचे धैर्य होत नाही त्यांच्यासाठी वक्तृत्वाचा छोटा विभाग ठेवता येतो. अमेरिकेत १९२५ मध्ये स्थापन झालेली आणि आज नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन या नावाने ओळखली जाणारी संस्था भाषण व वादविवाद हे दोन्ही विभाग एकाच स्पर्धेत घेते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला परिचित असलेले पूर्वतयारीचे भाषण आणि ऐन वेळी चिठ्ठी उचलून करायचे उत्स्फूर्त भाषण एवढे दोन प्रकार त्यासाठी पुरेसे आहेत.

स्वरूप आणि संख्येचा हिशेब

भारतातील विद्यापीठीय वर्तुळात सध्या दोन संसदीय पद्धती प्रचलित आहेत. ब्रिटिश पद्धतीत एका दालनात प्रत्येकी दोन वक्त्यांचे चार संघ असतात. दोन संघ ठरावाच्या बाजूने, दोन विरोधात, आणि निकाल पहिल्यापासून चौथ्या क्रमांकापर्यंत लागतो. त्यासाठी अनुक्रमे ३, २, १ आणि शून्य गुण मिळतात. ग्लासगो येथे १९८१ मध्ये सुरू झालेली जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धा, जी २०१४ मध्ये चेन्नईत झाली होती, याच पद्धतीने होते. आशियाई पद्धतीत प्रत्येकी तीन वक्त्यांचे दोन संघ समोरासमोर येतात, प्रत्येक बाजूचे शेवटी एक लहान उपसंहाराचे भाषण असते आणि निकाल जय-पराजयाचा असतो. दोन्ही पद्धतींत भाषण चालू असताना प्रतिपक्षाला उभे राहून छोटा प्रश्न किंवा हरकत मांडण्याची मुभा असते. पहिले आणि शेवटचे मिनिट मात्र वक्त्यासाठी राखीव असते.

नवोदितांसाठी आशियाई पद्धत अधिक सुगम आहे. कोण जिंकले आणि का, हे समजण्यास ती सोपी आहे. ब्रिटिश पद्धतीत दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीला आपल्याच बाजूच्या पहिल्या जोडीपेक्षा वेगळे व अधिक काही सांगावे लागते आणि ते का, हे नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दोन फेऱ्यांत उमगत नाही. परंतु आयोजकाला मनुष्यबळाचाही हिशेब करावा लागतो. ४८ वक्ते आले, तर आशियाई पद्धतीत १६ संघ आणि ८ दालने होतात. ब्रिटिश पद्धतीत २४ संघ आणि ६ दालने. प्रत्येक दालनात किमान एक जाणकार मुख्य परीक्षक हवा. असे आठ जण मिळत नसतील, तर पद्धतीची निवड आपोआपच झालेली असते.

सोळा संघांची आशियाई पद्धतीची स्पर्धा हे सुरुवातीसाठी आटोपशीर प्रमाण आहे. पहिल्या फेरीच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. पुढील प्रत्येक फेरीत समान विजय असलेले संघ एकमेकांसमोर आणावेत. यामुळे दुबळ्या संघाला दुसऱ्या फेरीपासून आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो. चार फेऱ्यांनंतर चित्र असे दिसते : चारही फेऱ्या जिंकणारा एक संघ, तीन विजयांचे चार, दोन विजयांचे सहा, एका विजयाचे चार आणि एकही विजय नसलेला एक. उपांत्य फेरीत चार जागा असतील, तर तीन विजय मिळवलेल्या चारपैकी एका संघाला वक्त्यांच्या गुणांवर बाहेर राहावे लागणार, हे आधीच ठाऊक असते. ही गोष्ट उद्घाटनाच्या वेळीच सांगितली पाहिजे. शेवटच्या क्षणी ती कळली की त्या संघाला कारस्थानाचा वास येतो.

वेळाचे गणितही असेच मांडता येते. सात मिनिटांचे भाषण नव्या वक्त्याला झेपत नाही. चौथ्या मिनिटाला मुद्दे संपतात आणि उरलेली तीन मिनिटे शिक्षेसारखी जातात. पाच मिनिटे ठेवली, तर सहा भाषणांची ३० आणि दोन उपसंहारांची प्रत्येकी तीन धरून एकूण ३६ मिनिटे होतात. तयारीसाठी ३० मिनिटे, परीक्षकांच्या निर्णयासाठी १५, निकाल समजावून सांगण्यासाठी १० आणि पुढील जोड्या जाहीर करून दालनांत पोहोचण्यासाठी २० मिनिटे धरली, तर एक फेरी सुमारे एक तास ५० मिनिटांची होते. सकाळी साडेदहाला सुरुवात करून, पाऊण तासाची जेवणाची सुटी धरून पहिल्या दिवशी तीन फेऱ्या पावणेपाचपर्यंत आटोपतात. चौथी फेरी, उपांत्य आणि अंतिम सामना दुसऱ्या दिवशी. एका दिवसात पाच फेऱ्या उरकण्याचा मोह टाळलेला बरा. चौथ्या फेरीला सभागृहातील सर्वांत थकलेली व्यक्ती परीक्षक असते.

जोड्या लावण्यासाठी व गुणनोंदणीसाठी टॅबीकॅट ही मुक्त स्रोत संगणकप्रणाली जगभर वापरली जाते. सोळा संघांसाठी साधा तक्ताही पुरतो. एका संघाला चारही फेऱ्या विरोधी बाजू मिळू नये आणि एकच जोडी दोनदा समोरासमोर येऊ नये, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

विषयांची निवड

विषय चुकला की बाकी सारी व्यवस्था निरर्थक ठरते. नवोदितांच्या विषयाला तीन कसोट्या लावता येतात. त्यासाठी विशेष ज्ञान लागू नये, दोन्ही बाजूंना किमान तीन स्वतंत्र मुद्दे सुचावेत, आणि कोणत्याही सहभागी विद्यार्थ्याला स्वतःच्या जात, धर्म, लिंग वा अपंगत्वाच्या विरोधात बोलावे लागू नये. मध्यवर्ती बँकेचे व्याजदर किंवा दूरच्या देशातील यादवी हे विषय अनुभवी स्पर्धांत रंगतात. येथे ते ज्याने कालचे वृत्तपत्र वाचले त्याला आयता विजय देतात.

कोलकात्यात चांगला विषय शोधायला दूर जावे लागत नाही. या शहरात पहिली ट्राम १८७३ मध्ये धावली, तेव्हा ती घोडे ओढत असत. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेड हा एक वारसा मार्ग ठेवून उर्वरित सेवा बंद करण्याचा मनोदय जाहीर केला आणि हा प्रश्न कलकत्ता उच्च न्यायालयासमोरही गेला. 'कोलकात्यातील ट्राम सेवेचा पुन्हा विस्तार करावा' असा ठराव ठेवला, तर प्रदूषण, स्वस्त प्रवास, वृद्धांची सोय आणि शहराची ओळख हे मुद्दे एका बाजूला सहज सुचतात. अरुंद रस्ते, मंद गती, मेट्रोचे वाढते जाळे आणि मर्यादित सार्वजनिक निधी कुठे वापरावा हा प्रश्न दुसऱ्या बाजूला. प्रत्येक वक्ता कधी ना कधी ट्राममध्ये बसलेला असतो किंवा तिच्यामागे अडकलेला असतो. माणसाने ओढायच्या हातरिक्षांचा प्रश्नही असाच आहे. राज्य सरकारने २००५ मध्ये त्या बंद करण्याची घोषणा केली, पुढच्या वर्षी विधानसभेत दुरुस्तीही झाली, तरी त्या रस्त्यावर राहिल्या. मानवी प्रतिष्ठा आणि उपजीविका यांतील हा खरा संघर्ष असल्याने येथे दोन्ही बाजूंना नैतिक आधार आहे. मुंबई, नागपूर वा बेळगावच्या आयोजकांना आपापल्या शहरात असे विषय सापडतील. फेरीवाले, सहकारी गृहसंस्थांचे नियम, महाविद्यालयातील सक्तीची हजेरी यांवर विद्यार्थी तासभर बोलू शकतात.

ठरावाची भाषा नेमकी असावी. 'विज्ञान शाप की वरदान' या थाटाच्या विषयात कोणती कृती करायची आहे हेच कळत नाही, आणि दोन्ही संघ समांतर निबंध वाचून खाली बसतात. आशियाई पद्धतीत प्रत्येक फेरीसाठी तीन ठराव दिले जातात, संघ त्यांना पसंतीक्रम देतात आणि दोघांनाही नको असलेला ठराव बाद होतो. नवोदितांना ही मुभा फार उपयोगी पडते. किमान एक विषय तरी ओळखीचा निघाला की हातांचा थरकाप कमी होतो.

परीक्षक आणि अभिप्राय

स्पर्धेचा खर्च कुठेही वाचवावा, परीक्षकांच्या प्रशिक्षणात वाचवू नये. विद्यापीठीय स्पर्धांत सहभागी महाविद्यालयाने जितके संघ पाठवले त्याहून एक कमी परीक्षक पाठवावा, असा संकेत रूढ आहे. नवोदितांच्या स्पर्धेत तो जसाच्या तसा लागू केला, तर नव्या संघांबरोबर नवे परीक्षकही येतात. त्याऐवजी प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या वरिष्ठ वक्त्यांना परीक्षक म्हणून पाठवावे आणि त्यांच्यासाठी आदल्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घ्यावी. आपल्याच महाविद्यालयाच्या संघाचे परीक्षण कोणी करू नये. नातेसंबंध, मैत्री वा जुने भांडण असल्यास ते परीक्षकानेच आधी कळवावे.

परीक्षकाने स्वतःला त्या विषयाचा तज्ज्ञ न समजता सुजाण, सामान्य नागरिक समजावे, हा या क्षेत्रातील सर्वमान्य नियम आहे. परीक्षकाला ठाऊक असलेला पण कोणत्याही वक्त्याने न मांडलेला मुद्दा निकालात येता कामा नये. उच्चार, पोशाख किंवा हातवारे यांवर गुण देण्याची जुनी सवय आपल्याकडील वक्तृत्व स्पर्धांतून आलेली आहे. नवोदितांच्या बाबतीत ती घातक ठरते, कारण तिचा लाभ विशिष्ट शाळांतून आलेल्यांनाच होतो.

गुणदानासाठी शंभरपैकी ७५ हे सरासरी मानून ७० ते ८० या पट्ट्यात राहणे पुरेसे असते. पाच गुणांचा फरक इथे फार मोठा असतो आणि ते प्रत्येक परीक्षकाला सारखेच कळलेले असावे.

पराभवाची कारणे ओळखण्यासाठी भारतीय न्यायदर्शनाची परिभाषा आजही कामाची आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणारी ती वितंडा. मराठीत वितंडवाद हा शब्द निरर्थक भांडणासाठी वापरला जातो, पण त्याचा मूळ अर्थ असा नेमका आहे. विरोधी बाजूचे नवे वक्ते बहुतेक वेळा वितंडेतच अडकतात. समोरच्याचे सारे चूक, पण आपल्याला काय हवे ते सांगायचे राहून जाते. याच ग्रंथात पराभवाची २२ निग्रहस्थाने दिली आहेत. मूळ विषय सोडून भलतीकडे जाणे म्हणजे अर्थान्तर, तेच पुन्हा सांगणे म्हणजे पुनरुक्त, उत्तर न सुचणे म्हणजे अप्रतिभा, आणि स्वतःचीच प्रतिज्ञा सोडून देणे म्हणजे प्रतिज्ञाहानी. नवद्वीपच्या पाठशाळांत शतकानुशतके घोटला गेलेला हा शब्दसंग्रह परीक्षकाच्या टिपणवहीत शोभून दिसेल.

निकाल सांगण्याचा क्रमही ठरलेला असावा. आधी निकाल, मग त्याचे कारण, त्यानंतर प्रत्येक वक्त्याला सुधारणेची एकच गोष्ट. दहा दोष एका दमात ऐकलेल्या मुलाला त्यांतला एकही लक्षात राहत नाही. आणि तो दोष नेमका हवा. 'आत्मविश्वास वाढवा' या सल्ल्याने आजवर कोणाचाही आत्मविश्वास वाढलेला नाही. 'तुमचा दुसरा मुद्दा सर्वांत चांगला होता, तो साडेचार मिनिटांनी आला, पुढच्या फेरीत आधी मांडा' एवढे सांगितले तर तो विद्यार्थी पुढच्या फेरीत तसे करून पाहतो.

भाषेचा प्रश्न

कोलकात्यातील प्रतिष्ठेच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मुख्यतः इंग्रजीतून होतात. जागतिक स्पर्धेत इंग्रजी ही दुसरी किंवा परकी भाषा असलेल्या वक्त्यांसाठी स्वतंत्र गट असतात, म्हणजे ही अडचण तिथेही मान्य झालेली आहे. नवोदितांच्या स्पर्धेत हा प्रश्न टाळता येत नाही. प्रवाही इंग्रजी हेच तर्कशुद्धतेचे प्रमाण मानले गेले, तर स्पर्धेचा निकाल बारा वर्षांपूर्वीच्या शालेय प्रवेशाच्या वेळीच लागलेला असतो.

यावर दोन उपाय व्यवहार्य आहेत. इंग्रजी आणि बंगाली असे दोन स्वतंत्र विभाग ठेवणे हा पहिला. तो सोपा आहे, पण त्यातून एक विभाग नकळत दुय्यम ठरतो. एकाच दालनात वक्त्याला दोहोंपैकी कोणत्याही भाषेत बोलू देणे आणि परीक्षक दोन्ही भाषा जाणणारे नेमणे हा दुसरा. कोलकात्यात, जिथे बहुतेक विद्यार्थ्यांना दोन्ही भाषा समजतात, तो अधिक न्याय्य ठरतो. मात्र शहरात हिंदी, उर्दू आणि नेपाळी भाषक विद्यार्थीही मोठ्या संख्येने आहेत. त्यांना बंगाली युक्तिवादाचे टिपण काढणे जड जाऊ शकते, हे जोड्या लावताना ध्यानात घ्यावे लागते. नागपूर, सोलापूर वा पणजीत अशीच भाषिक सरमिसळ आहे.

विचार एका भाषेतून दुसरीत नेणाऱ्यांचे मोल या शहराने ओळखलेले आहे. देवघर परिसरात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ मध्ये बंगालीत 'देशेर कथा' हे पुस्तक लिहिले. दादाभाई नौरोजी, विल्यम डिग्बी आदींनी इंग्रजीत मांडलेले भारताच्या आर्थिक शोषणाचे आकडे आणि युक्तिवाद त्यांनी सामान्य बंगाली वाचकापर्यंत पोहोचवले. स्वदेशीच्या चळवळीत ते पुस्तक घरोघरी गेले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. इंग्रजीत असेपर्यंत त्या युक्तिवादांची सरकारला इतकी धास्ती वाटली नव्हती.

जागा, हंगाम आणि परतीची गाडी

उर्वरित व्यवस्था थोडक्यात सांगता येते. पावसाळ्यात कॉलेज स्ट्रीट, ठनठनिया, आमहर्स्ट स्ट्रीट या भागात पाणी साचते, म्हणून जुलै-ऑगस्ट टाळावा. दुर्गापूजेपासून भाऊबीजेपर्यंत महाविद्यालये ओस असतात. त्यानंतरचा हिवाळा सर्वांत अनुकूल. सत्र परीक्षांचे वेळापत्रक पाहून शनिवार-रविवार निवडावा. दालने एकमेकांजवळ आणि शक्यतो तळमजल्यावर असावीत. अपंग विद्यार्थ्याचा सामना ऐन वेळी तिसऱ्या मजल्यावर लागला, तर माफी मागून भागत नाही.

खर्चाचे मोठे खाते जेवणाचे असते. बाकी प्रमाणपत्रे, कागद, घड्याळे आणि घंटा. महागड्या करंडकांपेक्षा बाहेरगावच्या संघांचा प्रवासखर्च देणे अधिक उपयोगाचे आहे.

परतीच्या प्रवासाचा विचार मात्र सविस्तर करावा लागतो. सहभागी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण सियालदहहून बनगाव, कृष्णनगर, कॅनिंगकडे किंवा हावड्याहून बर्धमान, कटवाकडे लोकलने जाणारे असतात. मार्च २०२४ मध्ये हुगळी नदीखालून हावडा मैदान ते एस्प्लनेड मेट्रो सुरू झाल्याने हावडा स्थानक गाठणे सोपे झाले, तरी स्थानकापुढचा दोन तासांचा प्रवास तसाच आहे. पारितोषिक वितरण रात्री आठला ठेवले की अनेक मुलींचे नाव घरूनच वगळले जाते, आणि आयोजकांच्या नोंदीत त्याचे कारण 'प्रतिसाद कमी' असे पडते. म्हणून दोन्ही दिवशी साडेपाचपूर्वी सांगता व्हावी आणि प्रवेशिकेवर ती वेळ छापावी.

अशोभनीय शेरे, छळ वा भेदभाव यांच्या तक्रारींसाठी एक समता अधिकारी नेमण्याची पद्धत विद्यापीठीय स्पर्धांत रुळली आहे. त्या व्यक्तीने स्वतः परीक्षण करू नये आणि तिचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक दालनात लावलेला असावा. लैंगिक छळाची तक्रार मात्र स्पर्धेच्या पातळीवर मिटवण्याचा अधिकार कोणाला नाही. २०१३ च्या कायद्यानुसार ती महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडेच जावी लागते, आणि तक्रारदाराला हे सांगणे आयोजकांचे काम आहे.

स्पर्धेच्या एक आठवडा आधी नवोदितांसाठी प्रात्यक्षिक सामना दाखवावा. नियमांचे पत्रक वाचून न समजलेल्या गोष्टी एक सामना पाहून समजतात. स्पर्धा संपल्यावर गुणपत्रके आणि परीक्षकांची टिपणे प्रत्येक संघाला तीन-चार दिवसांत पाठवावीत व त्याच पत्रात मंडळाच्या पुढील साप्ताहिक बैठकीचा वार, वेळ आणि खोली क्रमांक लिहावा. हे पत्र सर्वप्रथम एकही फेरी न जिंकलेल्या संघाला जावे.